सुभेदारांच्या निळ्या खुर्च्या

नंदीबैल घेऊन फिरणाऱ्या लोकांत मुलं पळवणारी टोळी शिरली आहे, हा निरोप आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकला. दुसऱ्या कोणी नाही. दुपारची वेळ होती, माझ्या खताच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. एका पाहुण्याकडून निरोप आला, मी तो अर्धामुर्धा वाचला आणि पुढे पाठवला. वर माझ्या पदरचं एक वाक्य घातलं: ‘आपल्या गावाबाहेरही पालं पडली आहेत, सावध राहावे.’ खाली हात जोडलेले. आम्ही जैन. आमच्या घरात आजही पाणी गाळून पितात. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून माझी आई अंगणात बघून पाऊल टाकायची. त्या घरातल्या माणसाने हा निरोप मात्र न गाळता अख्ख्या गावात ओतला, आणि त्यापायी एका निरपराध माणसाला मार बसला.

हे आधी सांगून टाकलं, कारण मला लिहायचं आहे ते सुभेदारांविषयी. ते आता नाहीत. असते तर हा मजकूर वाचून म्हणाले असते, “जिनू, माझ्यावर लिवाय बसलास आन् सुरुवात सोतापासनं केलीस व्हय रं?”

आमचं गाव कुंडलच्या अलीकडे. घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे गावात निवृत्त सुभेदार पुष्कळ. पण नुसतं ‘सुभेदार’ म्हटलं की ते रंगराव मानेच. उंची बेताची, आवाज मात्र सहा फुटी. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते हळू बोलायला शिकले नाहीत. देवळात कानात काही सांगायला लागले की गाभाऱ्यातला पुजारी वळून बघायचा.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत ते आफ्रिकेत शांतिसेनेत होते. तिथून येताना इतर लोक घड्याळ, कॅमेरा असलं काही आणतात. सुभेदारांनी एक निळी टोपी आणली आणि एक पद्धत आणली. टोपीचा रंग धुवून धुवून उडाला. पद्धत अखेरपर्यंत तशीच राहिली.

पद्धत खुर्च्यांची होती. तिकडे दोन जमाती एकमेकांच्या जिवावर उठल्या की आधी त्यांना समोरासमोर बसवून बोलतं करायचे. त्या बैठकीची मांडामांड करायचं काम सुभेदारांच्या तुकडीकडे होतं. हे त्यांनी गावात आल्या आल्या पारावर स्वतःच सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी त्यांचं ‘खुर्ची सुभेदार’ असं नाव पडलं.

“आफ्रिकेला जाऊन काय केलंसा सुभेदार?” कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

“खुर्च्या मांडल्या.”

“आन् बंदूक?”

“बंदूक खांद्याला व्हती. हात खुर्च्यांत गुतलेलं.”

लोक हसायचे. सुभेदारही हसायचे, पण छाती काढून. विनय हा गुण त्यांच्याकडे नावालाही नव्हता. आपण जगातलं एक महत्त्वाचं काम केलं आहे आणि गावाला त्याची अक्कल नाही, हे त्यांना मनापासून वाटायचं, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. पेन्शनच्या पैशातून त्यांनी प्लास्टिकच्या निळ्या खुर्च्या घेतल्या. सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या. “एकाला हाताची खुर्ची आन् दुसऱ्याला बिनहाताची दिली की बोलणी तितंच मोडली म्हणून समज,” ते सांगायचे. त्या खुर्च्यांची थप्पी पुढच्या सोप्यात कपाटाला लागून असायची, त्यामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडायचं. हौसाकाकी, म्हणजे त्यांची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायच्या, “ह्यांनी आफ्रिकेत शांती आणली आन् माजी चार लुगडी ह्या खुर्च्यांमागं कोंडली.”

पद्धतीचे नियम तीन. पहिला, उभ्याने कोणी बोलायचं नाही. दुसरा, दोन्ही बाजूंना चहा एकाच वेळी मिळाला पाहिजे. तिसरा नियम लोकांना सगळ्यात जड जायचा. आपलं गाऱ्हाणं मांडण्याआधी समोरच्याचं गाऱ्हाणं आपल्या तोंडाने सांगायचं, आणि तो ‘व्हय, आसंच’ म्हणेपर्यंत सांगत राहायचं.

भिकू आणि तानाजी या चुलतभावांचं पाण्याच्या पाळीवरून वाजलं होतं. दोघांनी एकमेकांवर खोरं उगारलं होतं. सुभेदारांनी भर उन्हात शेताच्या कडेला दोन खुर्च्या मांडल्या, मधे तिसरी स्वतःला. मी खताची पोती पोचवायला गेलो होतो म्हणून हे पाहायला मिळालं.

“तान्या, भिकूचं म्हणणं सांग.”

“भिकू म्हणतोय, मी त्याचं पाणी तोडलं. ते खोटं हाय.”

“खोटं-खरं तुला इचारलंय? नुसतं म्हणणं सांग. परत.”

“भिकू म्हणतोय, तान्यानं माजं पाणी तोडलं, आन् तान्या लय नालायक हाय.”

“मी नालायक म्हटलं न्हाई,” भिकू म्हणाला.

“मनात म्हटलास की!”

“परत,” सुभेदार म्हणाले.

तीन-चारदा झाल्यावर तानाजीला त्यात गोडी वाटायला लागली. तो भिकूचा आवाज काढून, भिकूसारखे हातवारे करून सांगायला लागला, आणि ओघात म्हणाला, “मागच्या साली माज्या म्हशीनं रेडकू टाकलं तवा ह्यो तान्या बघाय सुदिक आला न्हाई.”

भिकूने तानाजीकडे बघितलं. हे भिकू बोललाच नव्हता. तानाजीने हात खाली घेतले. मग भिकू म्हणाला, “व्हय, आसंच.” सुभेदारांनी मांडीवर अशी थाप मारली की त्यांची खुर्ची पाटात गेली.

आता हे ऐकून त्यांच्याविषयी आदर वाटेल, पण त्यांच्या शेजारी राहणं ही शिक्षा होती. ‘माणसाचं हक्क’ हा त्यांचा आवडता विषय. तो काढायला त्यांना प्रसंग लागत नसे. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाची गाडी रस्त्यात अडकली, तेव्हा माइक मोकळा दिसला म्हणून सुभेदार उभे राहिले. “जगात कुटंबी जा. जिथं थोडक्या घरांचं लोक बिनघोर झोपत्यात, तेच गाव चांगलं. जास्त घरांचं लोक कुटंबी झोपत्यात, त्यात काय नवाल हाय?” असं सुरू करून ते आफ्रिकेतल्या नदीपर्यंत पोचले तेव्हा नवरदेव मांडवात येऊन उभा होता, आणि बँडवाल्यांना वाजवू की नको कळत नव्हतं. माझ्या भावाने माइकची वायर काढली. सुभेदारांना त्याचा पत्ता लागला नाही. त्यांना माइकची गरजच नव्हती.

काकींनी मात्र त्यांना एकदा त्यांच्याच पद्धतीत धरलं. थप्पीतली एक खुर्ची ओढून त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, “माजं गाऱ्हाणं तुमच्या तोंडानं सांगा.” सुभेदारांनी बराच वेळ प्रयत्न केला. लुगड्यांचं सांगितलं, आफ्रिकेतून कमी पत्रं पाठवल्याचं सांगितलं. काकी प्रत्येक वेळी “न्हाई, परत” म्हणाल्या. शेवटी सुभेदार माझ्या दुकानात येऊन बसले. “जिनू, तुला काय ठावं हाय का रं तिचं गाऱ्हाणं काय हाय त्ये?”

आफ्रिकेची गोष्ट ते शंभर वेळा सांगायचे आणि दर वेळी तशीच सांगायचे. नदीकाठी थोड्या घरांची एक जमात, पलीकडे मोठी जमात, मधे बाजार, बाजारात यांच्या खुर्च्या. एकदाच ती गोष्ट वेगळी निघाली. मी खुर्च्यांवरून त्यांची चेष्टा करत होतो. ते हसले नाहीत. म्हणाले, “एक बारी आमाला पोचाय उशीर झाला. रस्ता वाहून गेला व्हता. आमी गेलो तवा बसाय कोणच न्हवतं.” एवढंच म्हणाले, आणि खताच्या पोत्यावरचं छापील अक्षर बोटाने गिरवत बसले. मी विषय बदलला. मला लवकर विषय बदलता येतो.

आता त्या दिवसाविषयी.

सिद्राम नंदीवाला दर सालाला आमच्या गावाला यायचा. म्हसवडकडचा माणूस. कालव्याच्या अंगाला त्यांची पालं पडायची, मग आठ-दहा दिवस तो ढोलकं गुबूगुबू वाजवत दारोदार बैल फिरवायचा. पाऊस पडेल का, पोरीचं लग्न जमेल का, असं विचारायचं आणि बैलाने मान हलवायची. माझ्या आईने माझ्या दुकानाविषयी याच बैलाला विचारलं होतं. तरी निरोप टाकताना मला सिद्राम आठवला नाही. मला ‘टोळी’ आठवली.

निरोप टाकून तासही झाला नसेल. सिद्रामचा जावई मारुती पाण्याला म्हणून शाळेमागच्या नळावर गेला. तिथं एक पोरगं बैलाचं विचारायला लागलं, तर मारुतीने त्याला हाताला धरून बैल दाखवायला चार पावलं नेलं. एवढं पुरलं. कोणीतरी ओरडलं, माणसं धावली. मी दुकान उघडं टाकून गेलो तेव्हा मारुतीला विजेच्या खांबाला दाव्याने बांधलेलं होतं, ओठ फुटून सदऱ्यावर रक्त आलं होतं. सिद्राम हात जोडून सगळ्यांच्या पाया पडत होता. पालातल्या बायका पोरांना पोटाशी धरून बसल्या होत्या. लोक एकमेकांना फोन दाखवत होते, आणि फोनमध्ये माझं वाक्य होतं. मी खिशातल्या खिशात माझा निरोप काढून टाकला. तोपर्यंत तो दहा ग्रुपांवर गेला होता. पहिला कुणाचा हे आता कोणी बघत नव्हतं. कोणीतरी पालं पेटवायची भाषा काढली.

तेवढ्यात भिकूचा दुधाचा टेम्पो आला. हौद्यात निळ्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांत टोपी घालून सुभेदार उभे. टेम्पो खड्ड्यात गेला तसे ते थप्पीला मिठी मारून वाकले, टोपी डोळ्यांवर आली, आणि त्या अवस्थेत त्यांनी हुकूम सोडला, “आरं बघताय काय? खुर्च्या उतरवा!”

आमच्या भागात फौजी आवाजात हुकूम आला की माणूस आधी हलतो, मग विचार करतो. पुढं उभ्या असलेल्या पोरांनी हात वर केले आणि सुभेदार खुर्च्या देत सुटले. “ही धर. दोन धर. पायाला पाय लावून मांड. वाकडी मांडू नगंस, तुझ्या आयला, आफ्रिकेतली माणसं तुज्यापरास बरी मांडत्यात!” ज्याच्या हातात दांडकं होतं त्याला खुर्चीसाठी ते काखेत धरावं लागलं, आणि दुसरी खुर्ची आल्यावर टाकून द्यावं लागलं. ज्याने काडेपेटी काढली होती तो मंडपवाल्यासारखा रांग सरळ करत होता. नंतर सुभेदारांनी मला सांगितलं, “दंगा कराय हात मोकळं लागत्यात रं.”

“आता बसा,” ते म्हणाले. काहीजण बसले. गर्दीचा पुढारी प्रकाश, डेअरीतला तरणा गडी, उभाच राहिला.

“आमी काय बसाय आलो न्हाई, आबा. पोरं पळवत्यात ही.”

“उभ्यानं बोलायचं न्हाई. गावाचा नियम हाय.”

“कवापासनं?”

“आत्तापासनं. बस.”

काकी घरातून पोलिसांना फोन करून चहाची किटली घेऊन आल्या होत्या. पोलीस गाडी यायला वेळ होता, तोवर बोलणं चालू ठेवायचं होतं. आणि सुभेदारांना त्यांचा मेजर आठवला. घाना देशाचे मेजर क्वामे आफ्रिकेत त्यांच्या बैठका चालवायचे. अजूनही दोघांचं अधूनमधून बोलणं व्हायचं, सुभेदारांच्या फौजी इंग्रजीत. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उंच धरला. पडद्यावर बनियन घातलेले एक वयस्क, धिप्पाड गृहस्थ आले. सगळी गर्दी ‘कोण, कोण’ करत पुढे सरकली.

मेजर इंग्रजीत म्हणाले, “रंगराव! कसे आहात? बायको बरी आहे ना?”

सुभेदारांनी गावाकडे तोंड करून मराठी केलं, “साहेब म्हणत्यात, आदी त्या माणसाचा दोर सोडा.”

दोर सुटला. मला इंग्रजी कळतं. मी गप्प राहिलो.

मेजर म्हणाले, “तुमच्याकडे लग्न आहे का? खुर्च्या दिसतायत.”

“साहेब म्हणत्यात, समद्या देशांच्या बैठकीत आपल्या गावाचं नाव निघंल. चांगलं निघायचं का वंगाळ, त्ये तुमी ठरवा.”

प्रकाश खुर्चीवर बसला. मागून एक म्हातारा म्हणाला, “आवं सुभेदार, त्यास्नी सांगा, आमचं गाव तसं न्हाई म्हणावं.” सुभेदारांनी इंग्रजीत सांगितलं, “फाइन, सर. वाइफ फाइन.”

मग फोन जरा हलला असावा. मेजरांना खांबाशी बसलेला मारुती दिसला. त्यांचा चेहरा बदलला. ते हळू काहीतरी म्हणाले. सुभेदार थांबले. त्यांनी टोपी काढली आणि तेच वाक्य जसंच्या तसं मराठीत सांगितलं. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“साहेब इचारत्यात, त्या माणसाच्या तोंडातनं रगत येतंय. त्याला कोण पाणी का देत न्हाई?”

प्रकाशच उठला, नळावर गेला आणि तांब्या भरून घेऊन आला. मारुती तांब्याकडे बघत राहिला, घेईना. सिद्रामने त्याच्या हाताखाली हात धरून पाजलं.

पुढे तिसरा नियम झाला. ज्याच्या पोराला मारुतीने हाताला धरलं होतं त्याने मारुतीचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगितलं, “पोरगं म्हणालं बैल दाव, म्हणून म्या दावाय नेलं,” आणि सांगता सांगताच तो पोराकडे वळला, “आसंच झालं व्हय रं?” पोरगं म्हणालं, “मग! तवापासनं त्येच सांगतोय की! कोण आयकतंय व्हय?”

शेवटी सुभेदारांनी विचारलं, “ह्यो निरोप पैल्यांदा टाकला कुणी?” सगळे इकडे तिकडे बघायला लागले. मीही बघायला लागलो.

पोलीस आले. गावाला वाटलं, संपलं. पण सुभेदार मारुतीला टेम्पोत घालून आधी दवाखान्यात आणि मग चौकीत घेऊन गेले. “दंगा थांबला म्हंजे आर्दं काम झालं,” म्हणाले. “ज्याला मारलं त्याची तक्रार कागदावर आली पायजे. त्यो बी माणूसच हाय.” चौकीतल्या लोकांनी मिटवून घ्या म्हटलं, तर त्यांनी आफ्रिकेची गोष्ट सुरुवातीपासून सुरू केली. नदी येण्याच्या आत तक्रार लिहून झाली. गावातले निम्मे लोक त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पालं उठली, आणि त्यानंतर सिद्राम आमच्या गावाला आला नाही.

मला खाल्लेलं गोड लागेना. शेवटी एका सकाळी मी सुभेदारांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, “मला ठावं हाय.”

“कसं?”

“त्या दिशी समदं गाव बसलं. तू एकटा उभा व्हतास.”

मी म्हटलं, “मला माफ करा, सुभेदार.”

“मला मारलंय व्हय? माज्याकडं कशाला आलास?” ते चिडले. मग म्हणाले, “म्हसवडला सिद्धनाथाची यात्रा हाय. ती मंडळी येत्यात. मोटरसायकल काढ.”

वाटेत ते मागे बसून माझ्याकडून माफी पाठ करून घेत होते. मी सुरुवात केली, “मी एका अहिंसक घरात जन्मलो…”

“थांब. मारुतीला तुज्या घराचं काय करायचंय?”

दुसऱ्यांदा मी म्हटलं, “त्या दिवसापासून मला झोप नाही…”

“झोपंची गोळी मागाय चाललाईस व्हय रं? जिनू, तुज्या माफीत तूच लय हाईस. त्या मारुतीला जरा जागा दे की.”

म्हसवड येईपर्यंत माझी माफी चार ओळींवर आली होती.

यात्रेच्या गर्दीपलीकडे माळावर पालं होती. मारुतीने मला ओळखलं नाही. सिद्रामने सुभेदारांना ओळखलं आणि आतून गोधडी आणून अंथरली. सुभेदार मात्र आमच्यात बसले नाहीत. पलीकडे चुलीपाशी मारुतीची म्हातारी आई होती, तिच्यापुढे जाऊन बसले. त्यांनी तोंड उघडलं असावं, कारण म्हातारीने फुंकणी वर केली आणि म्हणाली, “तू गप, आदी माजं आयक.” काकींखेरीज त्यांना कोणी असं गप्प केलेलं मी पाहिलं नव्हतं. ते मांडी घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून, शाळेतल्या पोरासारखे मान हलवत ऐकत राहिले. त्यानंतरही ते मला पुष्कळदा भेटले, पण आज आठवतात ते तसेच, पाठमोरे.

मी मारुतीला सांगितलं. त्याने बराच वेळ मातीत काडीने रेघा ओढल्या. त्याचा वरचा एक दात नव्हता.

“मला सांगून काय हुयाचं, दादा?” तो म्हणाला. “मला ठावंच हाय की म्या चोर न्हाई. त्या फोनमदल्या लोकास्नी कोण सांगणार? उंद्या आमी दुसऱ्या गावाला गेलो तर थितंबी त्येच फिरत आसंल.”

मी फोन काढला. गावाचा ग्रुप उघडला आणि तिथंच गोधडीवर बसून लिहिलं. लिहिलेलं मारुतीला वाचून दाखवलं. त्याने एक वाक्य परत वाचायला सांगितलं, मग मान हलवली. मी पाठवलं:

‘नंदीवाल्यांत मुलं पळवणारी टोळी आहे हा निरोप या ग्रुपवर सर्वांत आधी मी, जिनगोंडा पाटील, टाकला होता. तो खोटा होता. मी खात्री केली नाही. त्यामुळे मारुती यांना मार बसला, त्यांचा दात पडला, आणि त्यांच्या माणसांना रातोरात पालं मोडावी लागली. मारुती यांनी कोणाचंही पोर पळवलं नव्हतं. ते एका पोराला बैल दाखवत होते. हा निरोप ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून पुढे पाठवला, त्यांनी हाही तिथे तिथे पाठवावा. मारुती, मला माफ करा.’